भेकरखिंडीतलं मिसिंग

कोण म्हणलं रं आत्ता, भेकरखिंडीतनं गेलं की तासभर वाचतो? तू? ये, हिकडं शेकोटीजवळ बस. टोमॅटोचे क्रेट भरून व्हायला अजून येळ हाय. तवर ऐका. तुम्ही सगळे ड्रायव्हर माणसं, तुम्हाला लवकर कळंल. ऐकून मग ठरवा कुठनं जायचं ते.

ऐका हं. बावीस-तेवीस वर्सं झाली असतील. वरवड्यात एकाच्या ट्रॅक्टरचं काम होतं, ते उरकायला दिवस मावळला. तो म्हणला, "गुलाबमिस्तरी, जेवून हितंच ऱ्हावा." मी न्हाई ऐकलं. जीप काढली, दिवे लावले आन् निघालो. एकटाच. खिंडीच्याच वाटंनं. लोक म्हणायचे, रातचं तिथनं जाऊ नये, चांगल्या गाड्या तिथं लंगडायला लागतात. मी हसायचो. आरं, मी मिस्तरी! लंगडी गाडी बरी करायचा तर माझा धंदा.

पण थांबा. आधी हैबतीचं सांगितलं पाहिजे. त्याच्याशिवाय ह्या गोष्टीला अर्थ न्हाई.

हैबती शेरडांचा व्यापारी. गावोगाव फिरून शेरडं घ्यायचा आन् गुरुवारी म्हसव्याच्या बाजारात विकायचा. त्याच्याकडं पेट्रोलवरची एक जुनी पिकअप होती, मागं फळ्या ठोकलेल्या. गडी सरळ. दारूला कधी शिवला न्हाई. कॅबिनमध्ये एक काचंची बाटली असायची, पण ती शेरडांना औषध पाजायची. मी ती ह्या डोळ्यांनी कितींदा बघितली.

माझ्या त्या रातीच्या दोन वर्सं आधीची गोष्ट. बुधवार होता. दुपार टळल्यावर हैबती माझ्या गॅरेजवर आला. म्हणला, "मिस्तरी, गाडी मिसिंग मारतीय. बघा की."

बघितलं. इंजिन नुसतं थरथरत होतं. मधीच एक ठोका चुकायचा, परत धरायचा, परत चुकायचा. मी बॉनेट उघडलं आन् चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढून बघितली. तुम्हाला ठाऊकच हाय, ज्याची वायर काढून काय फरक पडत न्हाई, तो सिलिंडर मेलेला. पण हितं जी वायर काढावी तिला गाडी आणखी लंगडायची. म्हणजे चारी जिते. मग प्लग घासले. पॉइंट घासला. कार्बोरेटर खोलून धुतला. गाडी जराशी सुधारली. जराशीच, बरं का. माझ्या कानाला कळत होतं की दुखणं अजून आतच हाय. पण मला कुस्त्यांच्या मैदानाला जायचं होतं. जोड्या लागायची येळ झालेली.

हैबती म्हणला, "मिस्तरी, उभ्या गाडीत ती कमीच मारती. उतारावर बगा, मी पाय ठेवला की..."

मी त्याला पुरतं बोलू दिलं न्हाई. म्हणलं, "हैबती, शेरडाला काय झालंय ते मी तुला सांगायला येतो का? मग इंजिनचं मला सांगू नगंस. पेट्रोलमध्ये कचरा असंल. जा, गाडी ठीक हाय."

तो हसला. "बरं," म्हणला. गेला.

त्याच राती खिंडीच्या उतारावर तिसऱ्या वळणाला गाडी खाली गेली. चौदा शेरडं आन् हैबती.

सकाळी आम्ही समदे पळत गेलो. पिकअप दरीत उलटी पडलेली. आन् बघा कसं असतं, कॅबिनमधली ती बाटली मात्र फुटली नव्हती. कुणीतरी ती उचलली आन् म्हणलं, "प्यालेला दिसतोय." दुसरा म्हणला, "तरीच!" घटकंत साऱ्या गावानं ठरवून टाकलं, हैबती पिऊन मेला.

मी तिथंच उभा होतो. बाटली कशाची ते मला ठाऊक होतं. मी बोललो न्हाई. का न्हाई बोललो? आरं, हैबती प्यालेला नव्हता म्हणलं, तर चूक गाडीची. आन् गाडीची म्हणलं, तर ती आदल्या दिवशी कुणी बघितलेली? कळलं ना? म्हणून गप बसलो. दोन वर्सं गप बसलो.

हां. आता त्या रातीचं ऐका.

खिंड चढलो. माथ्यावर काय न्हाई, सारं ठीक. उतार लागला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. आन् माझ्या जीपनं एक ठोका चुकवला. फट्! मग आणखी एक. मग थरथर सुरू. कान टवकारले मी. ओळखीचा आवाज! तोच ताल, तीच थरथर. हैबतीच्या पिकअपची. पण मनाला म्हणलं, गुलाब, इंजिन म्हणजे इंजिन. उतर आन् बघ.

गाडी कडंला घेतली. चाकाला दगड लावला. इंजिन चालूच ठेवलं, बॉनेट उघडलं, आन् काय सांगू! इंजिन एकदम सुतासारखं. एक ठोका चुकंना. बॉनेट लावलं. मिसिंग सुरू. उघडलं, बंद. लावलं, सुरू. तीनदा केलं मी. तीनदा!

मग हट्टालाच पेटलो. बॉनेट उघडंच ठेवलं आन् पुढनं हातानं रेस दिली. तशी लंगडायला लागली. म्हणलं, आता घावली. पहिल्या प्लगची वायर काढली. फरक न्हाई. म्हणलं, हाच मेलेला. उजेडाची बॅटरी तोंडात धरलेली. खात्रीला म्हणून दुसरी वायर बी काढून बघितली. फरक न्हाई. तिसरी काढली. न्हाई. चौथी काढली.

चारी वायरी माझ्या हातात, बाबांनो. आन् इंजिन चालूच! तसंच, लंगडत लंगडत. ठिणगी न्हाई, काय न्हाई, तरी चालू!

बॅटरी तोंडातनं पडली. विझली. तरी उजेड जाईना. माझ्या खांद्यावरनं कुणीतरी दुसरी बॅटरी धरलेली. पिवळा, मरतुकडा उजेड. मागं वळायचा धीर झाला न्हाई. शेरडांचा वास आला, असा उग्र. आन् कानाजवळ, अगदी हळू आवाजात, "मिस्तरी, बगा की. कुटला मेलाय?"

कशा त्या वायरी लावल्या, कसं बॉनेट आपटलं, कसा आत बसलो, मला आठवत न्हाई. गिअर टाकायच्या आत गाडी सुटली. चाकाखालचा दगड कुणी काढला? मी तर न्हाई काढला! उतार, अंधार, आन् मागनं शेरडं वरडायला लागली. एक न्हाई, दोन न्हाई, कळपच्या कळप. माझी जीप मागं रिकामी होती रं!

बाजूच्या सीटकडं मी बघितलं न्हाई. पण सीट दबलेली मला कळली. तिथनं आवाज आला, "गाडी ठीक हाय, म्हणलासा न्हवं?"

राग नव्हता त्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारत होता तो.

ब्रेक दाबला. ब्रेक कसला, पायाखाली दगड! दोन्ही पायांनी दाबला, हलंना. आन् ऐका, हे ध्यान देऊन ऐका. ब्रेक दाबला की इंजिन जास्त लंगडायचं. पाय उचलला की कमी. परत दाबला, परत जास्त. माझ्या जीपला ब्रेकला जोर देणारा बूस्टरच नव्हता. तिच्या ब्रेकचा आन् इंजिनचा काय बी संबंध नव्हता. पण हैबतीच्या पिकअपला होता!

तवा डोक्यात उजेड पडला. आरं, त्या गाडीत इंजिन हवा वढतं, आन् त्या वढीनं पाइपातनं ब्रेकला जोर मिळतो. तो पाइप फाटला की नको ती हवा इंजिनात घुसती, गाडी मिसिंग मारती. आन् ब्रेक होतो दगड. दुखणं एकच, खुणा दोन. मी निम्मी खूण बघितली. निम्मी तो सांगत होता. "मी पाय ठेवला की..." ब्रेकवर, बाबांनो. ब्रेकवर पाय ठेवला की!

तिसरं वळण समोर आलं. मी वरडलो, "हैबती, बूस्टरचा पाइप! बूस्टरचा पाइप होता रं! माझं चुकलं!" आन् डोळे मिटून स्टिअरिंग डोंगराकडं वढलं. जीप चरीत गेली, दरडीवर आदळली. हे गळ्याजवळचं हाड बघा, अजून वाकडं हाय.

मग शांत. एक शेरडू वरडंना. बाजूची सीट रिकामी.

उजाडेस्तवर तिथंच बसलो. सकाळी जीपचा ब्रेक दाबून बघितला, मऊ. इंजिन एका स्टार्टरला चालू, एक ठोका चुकंना. मग एका हातानं झाडं-झुडपं धरत दरीत उतरलो. हैबतीची पिकअप अजून तिथंच गंजत पडलेली. बूस्टरचा पाइप काढला. खालच्या बाजूनं, क्लिपपाशी, वीतभर फाटलेला. भेगेत जुनी काळी माती बसलेली. पडताना फाटलेला न्हवं तो. आधीचा. नुसता खालनं हात फिरवला असता तर बोट आत गेलं असतं माझं.

तो पाइप घेऊन तसाच हैबतीच्या घरी गेलो. त्याची बायको कोंडाबाई अंगणात शेण गोळा करत होती. मी म्हणलं, "वहिनी, हैबती प्यालेला नव्हता. ती बाटली औषधाची होती. गाडीचा ब्रेक गेलता, आन् ते मला दिसायला पाहिजे होतं. दिसलं न्हाई. वर दोन वर्सं मी गप बसलो."

पाइप तिच्या पुढ्यात ठेवला. तिनं त्याच्याकडं बघितलं बी न्हाई. म्हणली, "मिस्तरी, दोन वर्सं मी त्यास्नी शिव्या घातल्या. पोरांच्या देखत घातल्या. त्यांचा फोटु सुदीक लावू दिला न्हाई घरात."

मी गावात सगळ्यांपुढं सांगितलं. पारावर उभं ऱ्हाऊन सांगितलं. कुणी मला काय बोललं न्हाई. चार दिवसांनी परत गाड्या घेऊन यायला लागले माझ्याकडं. पण त्या दिवशी अंगणातनं निघताना कोंडाबाईनं मागनं हाक मारली. म्हणली, "तुमी खाली जाऊन समदं बगून आलायसा. लई येळ लागला का वो त्यांचा जीव जायला?"

उभा ऱ्हायलो तिथंच. मग तीच आत गेली.

तुम्हाला वाटंल, खरं बोललो म्हणजे सुटलं सारं. न्हाई सुटलं. पुढच्या अमावास्येला एक ऊसवाला तिथनं गेला, त्याची गाडी लंगडली. मागल्या साली एकाची नवीकोरी गाडी लंगडली. हैबतीला कुणाला मारायचं न्हाई, हे मला ठाऊक हाय. मारायचं असतं तर मला चरीत जाऊ दिलं नसतं त्यानं. पण उतार तो उतारच, आन् घाबरलेल्या माणसाचा पाय कुठं पडंल कुणी सांगावं?

भरले का क्रेट? जावा तर. लांबच्या रस्त्यानं जावा, फाट्यावरनं. तासभर उशीर झाला तर टोमॅटो काय सडत न्हाईत. भेकरखिंडीत रातचं गाडी घालू नगा. त्याचं माझ्याशी बोलणं अर्धं ऱ्हायलंय. ते मी जाईन तवा माझं मी पुरं करीन. तुम्ही मधी जाऊ नगा.