रविवारच्या आधीची माफी

नाही मावशी, तिथं नका बसू, ती बाबांची खुर्ची आहे — म्हणजे, बसा, आता ते कुठं बसणार आहेत तिच्यावर — पण इकडंच या, ओट्याजवळ, मला पेज सोडून येता येणार नाही. गाळून घेतेय. गुठळी राहिली तर अडकते त्यांना. जबडा तारेनं बांधलाय ना, सगळं नळीतूनच द्यावं लागतं. डबा ठेवा खाली — हळू! दचकले मी. हल्ली झाकण वाजलं तरी दचकते. काय आणलंय? पुरणपोळी? मावशी, जबडा मोडलेल्या माणसाला पुरणपोळी? असू दे, तुम्ही मनापासूनच आणली असणार. अख्ख्या वलवणमध्ये तुमच्या पुरणपोळीला तोड नाही, हे बाबाच म्हणायचे.

तर तुम्ही मघाशी म्हणालात, तुमच्यात म्हणं येका गालावर मारली तर दुसरा पुढं करत्यात. करतात हो. पण तुमच्या लेकानं, हनुमंतानं, पुढं करायला दुसरा ठेवलाच नाही. डावीकडून सळई मारली, बाबा पडले; पडल्यावर उजवीकडून. हात आडवा घातला तर हातावर. मनगट मोडल्याचा आवाज आमच्या फाटकापर्यंत आला, ओली फांदी पिळून मोडावी तसा. मी धावत तुमच्या अंगणात आले तर हा अजून मारतोच आहे, आणि त्याचा तो मित्र पप्पू नि बाकीचे खुर्च्यांवर बसून बघताहेत. एक दात मला तुमच्या तुळशीकट्ट्याशी सापडला. ओढणीत बांधून दवाखान्यात नेला, डॉक्टर परत बसवतील म्हणून. — तुम्ही घरात होता ना तेव्हा? नव्हता? मग पडदा कुणी ओढून घेतला? — बरं. नाही विचारत.

भांडण होतं कशाचं, तर एका भिंतीचं. तुमच्या बंगल्यावर शनिवार-रविवारी भाड्यानं राहणारे पाहुणे यायचे, ढोसायचे आणि आमच्या प्रार्थनेच्या खोलीच्या भिंतीवर — जाऊ दे, माहीत आहे तुम्हाला. हनुमंताला सांगून सांगून बाबा थकले, मग तक्रार केली, आणि ऐन सीझनमध्ये बंगला बंद पडला. हनुमंत चिडला, तेही समजतं मला. तिथंच थांबलं असतं. पण आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, मंडळीत सगळे मिळून भाकर नि द्राक्षारस घेतात, आणि बाबांचा नेम असा की कुणाशी वाकडं असलं तर आदल्या दिवशी आपण होऊन त्याच्या दारात जायचं, मिटवायचं, मगच भाकरीला हात लावायचा. रेल्वेत होते तेव्हा साहेबाच्या दारात जायचे. मला चापट मारली असली तर माझ्या अभ्यासाच्या टेबलापाशी यायचे. मी म्हटलं, बाबा, पोरं पीत बसलीत तिथं, आज नका जाऊ. तर म्हणाले, उद्या रविवार आहे.

काय बोलले असतील? "हनुमंता, मी तुला माफ केलंय." एवढंच. सगळ्या मित्रांसमोर. बाबांना कळतच नाही हो — ज्याला आपलं काही चुकलंय असं वाटतच नाही, त्याला माफ केलं म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याच्या मुस्काटात देणं. "तू कोण रे मला माफ करणारा?" हे मी फाटकातून ऐकलं. आणि मग सळई.

मी कॉलेजात क्षमेवर निबंध लिहिला होता. बक्षीस मिळालं होतं. क्षमा हे बलवानाचं काम, असं काहीतरी. हाडं आधी शाबूत लागतात, ते लिहायचं राहिलं.

आणि तुम्ही म्हणता, पोरी, जबाब बदल, बाप तुझा देवमाणूस. आहेच. पण बाबांनीच हवालदारांना सांगितलं ना, हनुमंताला सोडू नका म्हणून. — कसं म्हणजे? बोलले. दातांच्या फटीतून, घोगरं. उजवा हात प्लास्टरमध्ये, लिहिता येत नाही. ते बोलतात ते एकट्या मला कळतं, म्हणून मी सांगत गेले नि हवालदार लिहीत गेले. — हो, शब्दाला शब्द. — असं काय बघता माझ्याकडं? — तो आवाज ना, चमच्याचा आहे. काही हवं असलं की डाव्या हातानं पेल्यावर चमचा वाजवतात. आले हो बाबा! — पेज नकोय त्यांना, मला ठाऊक आहे. सकाळपासून वाजवताहेत. आपलं सगळं ऐकू जातं आत, कान शाबूत आहेत. जबाबाच्या दिवशीही ऐकलंच की त्यांनी, ते म्हणाले माफ केलंय, आणि मी म्हटलं, कधीच माफ करणार नाही म्हणताहेत —

झालं. ऐकलंत. जा, सांगा चौकीत. लिहिलंय ते लिहिलंय, हनुमंताच्या आईवर कोण विश्वास ठेवणार? आणि त्याचं मला काही वाटतही नाही. हवालदार गेल्यावर बाबा रागावले असते, तोंड फिरवलं असतं, तर बरं झालं असतं. मी खाटेशी उभी राहून त्यांच्या गोळ्या कुटत होते, अख्ख्या गिळता येत नाहीत ना. तर त्यांनी डावा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. माफ केलं. मला. मी मागितली होती का? माझं चुकलं म्हणाले होते का मी? त्या हाताखाली माझं अंग असं पेटलं, मावशी, आणि हा बत्ता — हा, खलातला — माझ्या हातात होता. वर. कधी उचलला कळलं नाही. भिंतीवर घातला तेव्हा कुठं खाली आला. आत पोपडा उडालाय, खाटेच्या अगदी वर. बाबांनी डोळेसुद्धा मिटले नाहीत. तेव्हा मला तुमचा हनुमंत कळला. तोवर नव्हता कळला.

उद्या परत पहिला रविवार, आमच्या मंडळीचे पाळक इथंच भाकर घेऊन येणार आहेत, बाबांसाठी नि माझ्यासाठी. म्हणून वाजतोय तो चमचा. वाजू दे.

नाही, आत नका जाऊ. तुम्हाला बघून तो हात परत उचलतील. मला नाही बघवणार. जा म्हटलं ना, मावशी. डबा न्या. आणि जाताना हा बत्ता तेवढा घेऊन जा.