आत्याने दोनदा फेकायला लावलेला कंटेनर

तुम्ही माझ्या कोपर गावातल्या आत्याला भेटला नाहीत ना अजून? तिचं सगळं आयुष्य खाडीत मासेमारी करण्यात गेलं. खाडीतल्या मासळीची जी जुनी नावं आमच्या घरात आता कोणालाच येत नाहीत, ती तिला तोंडपाठ. ती राहावीत म्हणून मी लॅपटॉपवर कंटेनर बनवला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत एक बंद डबाच, आणि त्यात यादीचं छोटं अ‍ॅप टाकलं. महिनाभर ती सांगत होती, मी लिहीत होतो.

एका रविवारी अ‍ॅप उघडेना. मी बिनधास्त कंटेनर डिलीट केला आणि नवा बनवला. अ‍ॅप उघडलं, पण यादी कोरी! नावं कंटेनरच्या आतच साठत होती, त्याच्याबरोबर गेली.

आत्याला मी झालं ते सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "डबा फेकलास, तर आतलं आधी बाहेर का नाही काढलंस?"

"आता नावं बाहेरच्या फोल्डरमध्ये ठेवतो, आत्या. परत सांगशील?"

"आधी एकच लिही. निवटी."

बाहेरचा फोल्डर कंटेनरला जोडला आणि लिहिलं.

"आता फेक डबा."

केला डिलीट. नवा बनवला, अ‍ॅप उघडलं. निवटी जागच्या जागी!

मी टाळीसाठी हात पुढे केला, तर आत्या स्क्रीनजवळ सरकून म्हणाली, "परत फेक बघू. एकदा राहिली, ती चुकून पण राहिली असेल."