अजून थरथरला नाही

…म्हणजे चूक कोणाची, तर माझीच! फोन थरथरायला मीच लावला होता ना. तुम्हाला सांगतो, मी घाबरट माणूस नाही. फक्त त्या मंगळवारपासून माझे हात गार पडतात.

सात वर्षं लांब शिकून परत आलो तेव्हा डोक्यात एकच होतं, पहिल्या वर्षाच्या पोरांच्या मनातली रसायनशास्त्राची भीती घालवायची. मी त्याच भीतीत वाढलोय हो! पिवळ्या पडलेल्या वह्या, फळ्याशी बोलणारे सर... म्हटलं, हे सगळं बंद. व्याख्यानं व्हिडिओवर, वर्गात नुसती चर्चा, आणि प्रयोग आधी फोनवर. विभागप्रमुख मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "एक सत्र देते. शेवटी मी स्वतः प्रयोगशाळेत येईन. पोरांना टायट्रेशन जमलं तर अभ्यासक्रम तुमचा, नाही तर जुन्या वह्या काढा." मी छाती पुढे काढून हो म्हटलं. घाबरट माणूस म्हणेल का?

आता टायट्रेशन म्हणजे काय, तर ब्युरेट नावाच्या उभ्या काचेच्या नळीतून खालच्या फ्लास्कमध्ये थेंब थेंब सोडायचं, आणि रंग फिका गुलाबी झाला रे झाला की तोटी बंद. एक थेंब जास्त पडला की सगळं मुसळ केरात. पोरं त्या एका थेंबाला घाबरतात. म्हणून मी, शहाण्याने, फोनवरच्या ब्युरेटला एक सोय केली... गुलाबी आलं की फोन थरथरतो. थरथरला की बोट उचला, झालं! तीन महिने पोरं बसमध्ये, जिन्यात, जेवता जेवता टायट्रेशन करत होती. सगळ्यांना शंभरपैकी शंभर. मी हरखून आईला कळवलं, तर ती म्हणाली, "सगळ्यांना शंभर? अरे, मग पेपर फुटला असेल."

मंगळवारी, मॅडम यायच्या दोन दिवस आधी, वीस पोरं पहिल्यांदाच खऱ्या ब्युरेटपुढे उभी केली. तोट्या उघडल्या. फिका गुलाबी आला... कोणी हलेना. गडद झाला, कोणी हलेना. राणी रंग झाला, ब्युरेटा रिकाम्या होत आल्या, आणि पोरं आपली शांत, प्रसन्न, एक हात खिशातल्या फोनवर ठेवून उभी! अरे, बंद करा, म्हणून मी ओरडलो, तर पुढची मुलगी मला समजावत म्हणाली, "सर, अजून थरथरला नाही."

तुम्हाला सांगतो, मी घाबरट नाही, पण मागे स्टूल होतं म्हणून खाली बसलो नाही, स्टुलावर बसलो. भीती म्हणून उरलीच नव्हती पोरांत! मग गेली कुठे? वीसच्या वीस जणांची माझ्या पोटात येऊन गोळा झाली होती. दुसऱ्या दिवशी रंग बघा, रंग बघा करून घसा बसला. पोरं रंग बघायची आणि वाट खिशाची पाहायची.

गुरुवारी मॅडम आल्या. पाच पोरांना एकेक करून पुढे बोलावलं. पहिल्याने तोटी उघडली, मी डोळे मिटले... आणि ऐकू आलं, टक. डोळे उघडतो तो तोटी बंद, रंग फिका गुलाबी! दुसरी आली. टक. बंद. पाचही जणांचं तेच. मागे वळून बघतो, तर तीस वर्षं काचसामान सांभाळणारे प्रयोगशाळेतले मामा, हातात काचेची कांडी, बेसिनच्या कडेवर... चेहरा मात्र असा, की आपण बुवा भांडी धुतोय.

मॅडम गेल्यावर विचारलं, मामा, हे ठरलं कधी? म्हणाले, "काल तुम्ही डोकं धरून बसला होता ना, तेव्हा. पोरांना म्हटलं, फोन नाही थरथरला तर मी वाजवीन."

"पण मामा, ही फसवणूक झाली."

"आणि तुमचा फोन वेगळं काय करत होता?"

मी सरळ मॅडमच्या दाराशी गेलो, सगळं कबूल करायचं ठरवूनच. त्या सही करत होत्या. पुढच्या वर्षी सगळ्या तुकड्या, तीनशे पोरं, सगळी तुमच्याच पद्धतीने, म्हणाल्या. मी तोंड उघडलं, आणि बाहेर काय पडलं? "थँक यू, मॅडम."

मी घाबरट नाही हो... पण मामा एकतीस तारखेला निवृत्त होताहेत. आता रोज सकाळी ते मला शिकवतात, नेमकं कधी वाजवायचं. काल मी अगदी वेळेवर टक केलं. म्हणजे... मामांनी माझ्या पाठीवर बोटाने टक केलं, तेव्हा.