वेशीतला राक्षस

(पुण्यातल्या एका गेम कंपनीच्या मदत-कक्षातून मानवतच्या आडत दुकानात फोन लागलेला आहे. भर दुपार.)

सुकेशनी : नाही सर, तुम्ही चोर आहात असं आमचं म्हणणं नाही. तुम्ही माणूस आहात का, एवढंच विचारायचं आहे.

ईश्वरअप्पा : काय हाय का?

सुकेशनी : माणूस.

ईश्वरअप्पा : बाई, उभ्या जन्मात हे मला कुनी विचारलं न्हवतं. बायकोनं एक-दोनदा विचारलं, पर ते येगळ्या अर्थानं.

सुकेशनी : राग मानू नका, सर. आमच्या 'नवखंड' गेममध्ये तुमचा जो खेळाडू आहे ना, शिंगांचा राक्षस...

ईश्वरअप्पा : ते मी मुद्दाम घेतलं न्हाई. मोबाईलच्या दुकानातल्या बसवेश्वरनं गेम टाकून दिला, पहिलं बटन दाबा म्हनला. मी दाबलं, तर शिंगं आली.

सुकेशनी : असू द्या. पण तो राक्षस लढाईला जात नाही, कुठल्या टोळीत सामील होत नाही, दुकानातून कपडे-हत्यारं काहीच घेत नाही. रोज दुपारी वेशीत उभा राहतो, हात जोडतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच शब्द लिहितो. असं यंत्र करतं. माणूस कंटाळतो.

ईश्वरअप्पा : दुकानदार न्हाई कंटाळत. गिऱ्हाईक पायरीवर आलं की आधी शरणार्थ, मग सौदा. आमच्या लिंगायतांत नमस्काराच्या जागी तेच म्हनतेत. भेटलं की शरणार्थ, निघालं की शरणार्थ.

सुकेशनी : तोच शब्द, सर. आमचं भाषांतराचं मशीन त्याचं 'मला आसरा द्या' असं करतंय. जगभरातल्या लोकांना वाटतंय की तुम्ही घरदार सोडून आलेले निर्वासित आहात.

ईश्वरअप्पा : अरे शिवा! आत्ता कळालं. म्हनून जो तो मला पाव देऊन चाललाय! एकीनं घोंगडी पांघरली अंगावर. एका ब्राझीलच्या मानसानं घोडा दिला. मी नको नको म्हनलो, तर त्याचंही मशीननं काय केलं कुनास ठाऊक, त्यानं खोगीर पन आनून दिलं.

सुकेशनी : अडचण तिथंच झालीय. तुमच्या पिशवीत शेकडो अनोळखी लोकांचा माल जमलाय आणि तुम्ही त्यातलं काहीच वापरत नाही. काही लोक असंच करतात, सर. खोटी खाती उघडायची, खेळातला माल गोळा करायचा आणि बाहेर खऱ्या पैशाला विकायचा. खेळणाऱ्याला कष्ट नको असतात, तो विकत घेतो. कंपनीचं त्यात मोठं नुकसान होतं, कारण कंपनी स्वतःच कपडे आणि घोडे विकते.

ईश्वरअप्पा : समजलं. मोंढ्याच्या बाजारात माल न आनता परस्पर गावातच सौदे करायचे. आमच्याकडं खेडा खरेदी म्हनतेत त्याला.

सुकेशनी : अगदी तसंच.

ईश्वरअप्पा : मग लिहून घ्या, ईश्वरअप्पानं जन्मात तसलं केलं न्हाई. ही लोकांची अमानत हाय, बाई. कोन कधी मागायला आलं तर? म्हनून तसंच ठेवलंय. घोड्याला तेवढं इकडं-तिकडं फिरवून आनतो, उभा राहून पाय आखडतेत त्याचे.

सुकेशनी : घोड्याचे पाय नाही आखडत, सर. तो चित्र आहे.

ईश्वरअप्पा : असंल. पर बघवत न्हाई.

सुकेशनी : ऐका ना. मला आज या खात्यावर निर्णय द्यायचाय. तुम्ही खेळत नाही, मग तिथं का उभे असता, हे पटेल असं सांगा. नाही तर मला खातं कायमचं बंद करावं लागेल.

ईश्वरअप्पा : बंद? न्हाई, न्हाई. बंद करू नका. घोडा घ्या, घोंगड्या घ्या, सगळं न्या, पर मला वेशीतून उठवू नका.

सुकेशनी : का पण?

ईश्वरअप्पा : वाट बघायलोय एकाची.

सुकेशनी : कुणाची?

ईश्वरअप्पा : तुमी कुठलं, बाई? मघापासून पुन्याचं बोलायलाव, पर 'घोडा' म्हनलाव की आपल्याकडचं ऐकू येतंय.

सुकेशनी : बोरीची आहे मी. जिंतूरकडची बोरी.

ईश्वरअप्पा : मग एवढा वेळ सर-सर काय लावलंय? बोरीचा कापूस लय घेतलाय मी. चांगला असतोय, वल्ला देत न्हाईत लोक. नाव काय तुमचं?

सुकेशनी : सुकेशनी. काका, बोला ना आता. कुणाची वाट बघायलाव?

ईश्वरअप्पा : माझ्या लेकीची. ती तुमच्या खेळात नोकरीला हाय.

सुकेशनी : खेळात म्हणजे कंपनीत?

ईश्वरअप्पा : आता तुमी कंपनी म्हना. घरी पाव्हन्यांसमोर मी बोलून गेलो, खेळात कसली आलीय नोकरी. लेकरू भरल्या ताटावरून उठलं. जाताना म्हनली, 'अप्पा, एकदा येऊन तर बघा मी कुठं काम करते ते.' म्हनून आलो.

सुकेशनी : गेममध्ये?

ईश्वरअप्पा : मग? मी मोंढ्यात काम करतो, तर मला भेटायचं तर मोंढ्यातच यावं लागंल ना? ती नवखंडात काम करती. मला वाटलं, बाजारात कुठं तरी बसलेली असंल, टेबल-खुर्ची टाकून. आधी सगळा बाजार हिंडलो. जंगलातबी गेलो, तिथं लांडग्यांनी दोनदा मारलं. मग म्हनलो, असं हिंडून चुकामूक व्हायची. वेशीत थांबावं, येता-जाता दिसंलच.

सुकेशनी : काका, तिथं लाखो लोक असतात. ती दिसली तरी तुम्ही ओळखणार कशी? कुनी परी होतंय, कुनी वाघ होतंय.

ईश्वरअप्पा : म्हनून तर शरणार्थ घालायलोय सगळ्यांना. आता काहीजन शिकलेत, उलटून शरणार्थ म्हनतेत. कोरियाची एक हाय, ती तर लांबूनच म्हनती. पर ती माझी न्हवं. माझी असती तर पुढं 'अप्पा' लावलं असतं.

सुकेशनी : आणि वेस हीच का? नवखंडात शहरं खूप आहेत.

ईश्वरअप्पा : हितला खांब बघितलाव का तुमी? डाव्या हाताचा. तो तिनं केलाय. मला कुनी सांगायची गरज न्हाई. ती बारकी असताना चारठान्याची देवळं बघायला नेलं होतं, तिथल्या खांबापाशी बसली ती उठंचना. बोट फिरवीत बसली नक्षीवरून. हा खांब तसाच हाय. अन् खांबाच्या बुडाशी एक चप्पल हाय बघा. एकच, बारकी, लाल पट्ट्याची.

सुकेशनी : त्या चपलेचं काही विचारू नका, काका. जगभर भांडणं चालू आहेत तिच्यावरून. लोक म्हणतात की दुसरी चप्पल सापडली की खजिन्याचा दरवाजा उघडतो. टोळ्याच्या टोळ्या शोधायल्यात. कंपनी तर तसला जोड विकायला काढायच्या बेतात आहे.

ईश्वरअप्पा : खजिना कसला! त्या दिवशी चप्पल काढून ठेवली खांबापाशी, अन् त्यातली एक कुत्र्यानं नेली. लय रडली. ऊन मरनाचं, फरशी तापलेली. मग स्टँडपर्यंत खांद्यावर बसवून आनली तिला. ती हरवलेली चप्पल अशी हितं निघाली बघा.

सुकेशनी : काका... नाव काय म्हणालात मुलीचं?

ईश्वरअप्पा : म्हनलो न्हाई अजून. ऋतुजा.

सुकेशनी : जरा थांबता का? फोन ठेवू नका हां. ठेवू नका.

ईश्वरअप्पा : थांबायची सवय झालीय, बाई.

सुकेशनी : ऋतुजा. ए ऋतुजा, तो हेडफोन काढ. वेशीतला राक्षस आहे ना, ज्याच्यावर सगळे हसायलेत?

ऋतुजा : बॉट? बंद नाही केलंस अजून?

सुकेशनी : तू बघितलंस का त्याला कधी?

ऋतुजा : मला कुठं वेळ आहे? मी खांब काढते, खेळत नाही. का गं?

सुकेशनी : हे बघ. हा त्याचा चेहरा. कपाळ बघ.

ऋतुजा : पांढऱ्या रंगाच्या रेघा आहेत तीन. आडव्या. थांब... ही विभूती आहे. राक्षसाला विभूती कुणी लावली?

सुकेशनी : आता खाली वाच, तो काय लिहितो ते. मशीनचं नको वाचू, मूळ वाच.

ऋतुजा : नाही. शक्य नाही. ते व्हॉट्सअॅपवरचा फोटो मोठा करून बघत नाहीत, सुकू. ते कसे येतील इथं?

सुकेशनी : तू ये म्हणाली होतीस म्हणे.

ऋतुजा : मी भांडून म्हणाले होते!

सुकेशनी : त्यांनी ते आमंत्रण समजलं. लाईनवर आहेत. घे.

ऋतुजा : काय बोलू मी? आमचं फोनवर बोलणंच होत नाही. आई फोन देते, ते विचारतात 'बरी हाईस का', मी म्हणते 'हो'. शेवटी ते कापसाचा भाव सांगतात आणि आईला फोन देतात.

सुकेशनी : मग भाव विचार. पण घे. माझ्या बाबांनी 'जय भीम' लिहीत कुठल्या वेशीत माझी अशी वाट बघितली असती ना, तर मी पळत गेले असते.

ऋतुजा : ...अप्पा?

ईश्वरअप्पा : बरी हाईस का?

ऋतुजा : हो.

ईश्वरअप्पा : हां. ...काल जरा सुधारलाय भाव. शंभरानं वर हाय.

ऋतुजा : अप्पा, लांडग्यांनी मारलं तुम्हाला?

ईश्वरअप्पा : दोनदा. मग पुन्हा उठलो. चांगली सोय हाय ती.

ऋतुजा : पुण्याला का नाही आलात? पत्ता होता ना आईकडं.

ईश्वरअप्पा : पुन्याला आलो असतो तर तू चहा दिला असतास, खोली दाखवली असतीस. काम कुठं दाखवलं असतंस? दुसऱ्याचं दुकान बघायचं तर दुकानातच जावं लागतंय.

ऋतुजा : मग बघितलंत?

ईश्वरअप्पा : बघायलोय की रोज. लोक येतेत, खांबापाशी थांबतेत, वर मान करून बघतेत. कोन कुठल्या देशाचे! एकजन म्हनला, मी आजारी हाय, घराबाहेर पडता येत न्हाई, म्हनून हितं फिरायला येतो. तो बसतो खांबाच्या सावलीत. त्याला सांगितलं मी, ही सावली माझ्या लेकीनं पाडलीय. मशीननं काय सांगितलं देवाला ठाऊक, पर त्यानं मान हलवली.

ऋतुजा : अप्पा...

ईश्वरअप्पा : नक्षी एक नंबर झालीय. एकच म्हननं हाय. खांबाचं मागचं अंग जरा कोरं सोडलंय तू.

ऋतुजा : मागं कुणी जात नाही, अप्पा.

ईश्वरअप्पा : मी जातो ना.

ऋतुजा : करते. मागचं पण करते.

ईश्वरअप्पा : रडायलीस का?

ऋतुजा : नाही. हो.

ईश्वरअप्पा : मला फोनवर बोलता येत न्हाई, ऋतू. भाव सोडून दुसरं काही सुचतच न्हाई. वेशीत बरं असतंय. नुसतं शेजारी उभं राहिलं तरी चालतंय.

ऋतुजा : आता उभे आहात का तिथं?

ईश्वरअप्पा : हाय की. हे काय, दुकानात गादीवर बसलोय, टॅब म्होरं ठेवलाय. तुझी आई म्हनती, राक्षसाला निदान जेवू तरी द्या. दे गं त्या सुकेशनीला फोन, खात्याचं काय झालं बघू.

सुकेशनी : ऐकायलेय मी, काका, फोन स्पीकरवरच आहे. शेऱ्यात काय लिहू सांगा.

ऋतुजा : लिही, माणूस आहे.

सुकेशनी : एवढंच?

ऋतुजा : एवढंच. आणि त्या मशीनला तो शब्द मी शिकवते. यापुढं कुणी माझ्या बापाला निर्वासित म्हणायचं नाही.

ईश्वरअप्पा : अन् लोकांची अमानत?

सुकेशनी : ती त्यांनी प्रेमानं दिलीय, काका. आपल्याकडं पाव्हन्याला देतेत तशी. ठेवा तुमी. शरणार्थ.

ईश्वरअप्पा : जय भीम, बाई. बोरीला आलाव की मानवतला उतरा.

ऋतुजा : अप्पा, हलू नका. मी येते.

ईश्वरअप्पा : कुठून येशील? उजव्या अंगानं की बाजाराकडून?

ऋतुजा : बाजाराकडून. बघत राहा.

ईश्वरअप्पा : लय गर्दी हाय. एक वाघ आला... एक परी गेली... कोरियाची आली, ती न्हवं. हां. एक बारकी पोरगी यायलीय. एका पायात लाल चप्पल हाय. दुसरा पाय उघडा. लिहायलीय काही तरी. थांब, चष्मा कुठं गेला... 'शरणार्थ, अप्पा.'

ऋतुजा : बरोबर लिहिलंय ना?

ईश्वरअप्पा : बरोबर हाय. माय, पाय भाजतेत का गं हितं?

ऋतुजा : नाही भाजत, अप्पा. चित्र आहे ते.

ईश्वरअप्पा : असंल. ह्या राक्षसाला कुनाला उचलून घेता येतंय का?

ऋतुजा : येतं. खाली डाव्या कोपऱ्यात बटण आहे. खांद्याचं चित्र असलेलं.

ईश्वरअप्पा : दाबलं. बस नीट. शिंगाला धर.