काहून न विचारणारा वसंता

वहिनी, केतकी, आणि आमच्या वसंतावर जीव लावणाऱ्या सगळ्या मंडळींनो,

पार दारापर्यंत लोक उभे आहेत. वसंता असता तर म्हणाला असता, "राम्या, एवढी गर्दी माझ्या कसरतीला नव्हती बे." मला बोलायचं जड जाऊन राहिलं आहे. मी फॅक्टरीत चामड्याचे पट्टे शिवणारा माणूस. शाळा आठवीपर्यंत, बाकीचं हातांनी शिकवलं. टाका वाकडा पडला तर सांभाळून घ्या.

आयुष्यभर विमान उलटंसुलटं फिरवणारा माणूस ऐंशी पार करून आपल्या पलंगावर, चहा संपवून गेला. यात रडण्यासारखं काय आहे? मी रडलो, ते सोडा.

त्याच्या विमानात अंगाला बांधायचे पट्टे मीच शिवायचो. नवा पट्टा झाला की वसंता तो बांधून अंगणातल्या कडुलिंबाला उलटा लटकायचा. वहिनी चहा गाळेपर्यंत. एकदा पोस्टमन आला आणि फाटकातूनच मागे फिरला. वहिनी आतून म्हणाल्या, "थांबा भैया, सही करतील ते. कागद फक्त उलटा धरा."

जगदीश कोणाकोणाला आठवतो? वसंता विमान चालवायचा आणि जगदीश वरच्या पंखावर उभा राहून लोकांना सलाम करायचा. कमरेला माझाच पट्टा. एका प्रयोगाला वारा आडवातिडवा होता. खाली मैदानावर मदतीला आम्ही चौघं. चौघांनाही वाटत होतं, आज उडू नये, आणि चौघंही गप्प. लोक येऊन बसले होते ना, कोण बोलणार? उतरताना वाऱ्यानं विमान कललं, पंख जमिनीला घासला. वसंता वाचला. जगदीश गेला. पट्टा शाबूत निघाला. तोंड मात्र माझं बंद राहिलं होतं.

तेव्हापासून वसंताचा नियम. जमिनीवरच्या कोणीही, मैदान झाडणाऱ्या बाईनंही, 'आज नाही' म्हटलं की विमान उडणार नाही. आणि काहून म्हणून कोणी विचारायचं नाही. तो म्हणायचा, "कारण मागितलं की माणूस लाजते राम्या, अन् पुढल्या वेळी गप्प बसते."

एकदा भर मैदानात मीच म्हटलं, आज नाही. एक टाका बोटाला ढिला लागला होता. वसंतानं इंजिन बंद केलं, खाली उतरला. लोक ओरडून राहिले, "डर गए क्या, भाईसाहब?" घरी येऊन पाहतो तर पट्टा ठणठणीत. धाग्याचं मेण माझ्याच बोटाला लागलं होतं, म्हणून टाका सरकल्यासारखा वाटला. मान खाली घालून सांगायला गेलो. तो भजी खात होता. म्हणाला, "मग? गरम भजी मिळाली ना दोघांना? बस." पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. आणि माझी थट्टा केल्याशिवाय त्याचा दिवस जात नव्हता, हे वहिनींना विचारा.

आता केतकी बेटा, तुझ्याशी बोलतो. आजोबांसारखीच तूही विमान उलटं करतेस. उद्या सकाळी तुझी कसरत आहे. तू मला म्हणालीस, "रामआजोबा, दादाजी होते तो बोलते, उड़." पण किती रात्री तू त्याच्या उशाशी जागून काढल्यास, मी पाहिलं. नर्मदेत अस्थी सोडायला ग्वारीघाटाच्या पायऱ्या उतरताना मी तुझा हात धरला, तर हात थरथरत होता. कदाचित माझाच थरथरत असेल. म्हातारा आहे, चुकत असेन. उद्या मैदानावर येऊन म्हटलं असतं, पण माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही. म्हणून आजच, सगळ्यांसमोर म्हणतो.

केतकी, उद्या नाही.

पाहा मंडळी. 'हो' म्हणून मान डोलावली तिनं. काहून म्हणून विचारलं नाही. वसंता, पोरगी तुझीच आहे.

चला, आता दोन मिनिटं गप्प उभे राहू. वसंतासाठी, आणि जगदीशसाठीही. त्या दिवशी आम्ही चौघं गप्प राहिलो होतो, ते गप्प राहणं वेगळं. हे बोलून झाल्यावरचं आहे.