जायफळाचे दोन वळसे

— नाही नाही काकू, गूळ आत्ताच नका टाकू, दूध नासतं. आधी भगुणं खाली उतरवायचं, वाफ जरा मोडू द्यायची, मग गूळ. नाहीतर तुम्ही शहादेव काकांना नासकं दूध पाजाल अन् ते मला नावं ठेवतील, आश्रुबाच्या पोरीनं कॉलेजात जाऊन हेच शिकलं का म्हणून. बसा ना, त्या पोत्यावर बसा, टेकायला भिंत आहे. माय टँकरकडं गेली आहे, दोन घागरी मिळाल्या की येईल. ती यायच्या आत सांगून टाकते सगळं. आणि एक गोष्ट, काकू — ती आली की जायफळाचं नाव काढायचं नाही. नाही, काही नाही तसं. बस, नाव काढायचं नाही. खसखस म्हणा, बदाम म्हणा, जायफळ नका म्हणू.

तर खसखस दुपारीच भिजत घालायची, एक चमचा. दोन बदाम — नसले तर नसू द्या, आमच्यात पण नसतात, आज तुम्ही आणलेत म्हणून दिसले. पाट्यावर वाटायचं, अगदी बोटाला लागणार नाही इतकं बारीक. वेलदोडा सालासकट. दूध एक पेला. ते मी डेअरीला घालायच्या आधीच काढून ठेवते. गाय चारा छावणीत आहे ना, अण्णा तिथंच राहतात तिच्याजवळ, सांजेला किटली पाठवतात कुणाच्या तरी हाती. डेअरीवर राधाकिशन रोज माप घालताना म्हणतो, काय गं, तुमची गाय रोज नेमकं पेलाभरच कमी कावून देती? मी म्हणते, उसाचं वाढं खाऊन अजून किती देईल ती. छावणीत दुसरं काय मिळतंय? आमचं आयुष्य ऊस तोडण्यात गेलं, आता गाय पण उसावरच. ऊस काही आमचा पिच्छा सोडत नाही — हसा हसा, मी पण हसते कधीकधी.

काकांना कधीपासून नाही झोप? कारखाना बंद पडल्यापासून ना. मला वाटलंच होतं. वीस वर्षं भोंग्यावर उठले, भोंग्यावर जेवले, आता गाळपाला ऊसच नाही तर भोंगा कशाला वाजेल, अन् माणूस वाट बघत पडून राहतं. माझी माय तशीच. उसाच्या फडात रात्री गाडी भरायला येते, दोनला येईल नाहीतर तीनला, ड्रायव्हर हॉर्न देतो अन् पाचटाच्या कोपीतून सगळ्यांनी उठायचं, डोक्याला फडकं बांधायचं, मोळ्या उचलायच्या. घरी आल्यावर पण आषाढापर्यंत ती तशी उठायची. उठून बसायची, अंधारात फडकं बांधायची, मग तिला कळायचं की आपण घरी आहोत. मी अकरावीला होते तेव्हा वाचलं कुठंतरी की दुधानं झोप येते, अन् रतनआजीनं जायफळाचं सांगितलं, तेव्हापासून मी करते हे. पहिल्या दिवशी माय म्हणाली, मला काय तान्ह्या लेकराची गुटी पाजतीस का. काका पण तेच म्हणतील बघा. म्हणू द्या. प्यायली की गप झोपायची. सकाळी म्हणायची, तुझ्या हाताला गुण हाय.

हे काय वाजलं? तुम्ही ऐकलं ना? — टँकर. टँकरच आहे, वळायला हॉर्न देतोय. बघा, सांडलं थोडं. मला हॉर्नचं असंच होतं. पुसते.

हं, जायफळ. ही सहाण. दुधाचे दोन थेंब टाकायचे अन् जायफळ असं धरून गोल फिरवायचं — हा एक वळसा, हा दुसरा. झालं. मोठ्या माणसाला दोन. आजीचं माप तेच, लेकराला अर्धा, मोठ्याला दोन. मी कॉलेजात सरांना विचारलं होतं, सर, एक वळसा म्हणजे किती मिलिग्रॅम असेल? सगळा वर्ग हसला. सर म्हणाले, घासणाराचा हात किती जड आहे त्यावर आहे. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं. दोनच हां काकू. काकांना नाही लागली झोप तरी तिसरा घालायचा नाही. दोन म्हणजे दोन.

काय? एवढं कावून झिजलंय?

झिजतंच की ते. रोज — नाही, रोज नाही. आता मी मायच्या दुधात जायफळ घालतच नाही. नुसतं दूध, खसखस, गूळ. आमची धाकटी शिवकन्या गेल्यापासून नाही घातलं. तुम्ही बरोबर बघितलंत, ही बाजू अगदी सपाट झालीय, अर्धं जायफळ गेलंय म्हणा ना. ते एका सांजेत गेलं.

काकू, तुम्ही कुणाला बोलणार नाही ना? तुम्ही त्यातल्या नाहीत, मला माहीत आहे. दारात कुणी आहे का बघा. कुणी नाही ना? बरं.

दसरा झाल्यावर ऊसतोडीची टोळी निघायची होती. मायला पंधरा दिवस ताप होता, कंबर उचलत नव्हती. नेकनूरच्या डॉक्टरनं महिनाभर पडून राहा म्हणून सांगितलेलं. पण अण्णांनी गहिनीनाथ मुकादमाला शब्द दिलेला, अन् कोयता म्हणजे काय, तर नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता. एकट्या माणसाला टोळीत कोण घेतं? माय म्हणली, मी जाते, तिथं गेल्यावर घामानं ताप उतरंल. घामानं ताप उतरंल म्हणे. मी लई विचार केला. मला वाटलं, ट्रक कुणासाठी थांबत नाही. गल्लीच्या तोंडाला येतो, दोन-तीन हॉर्न देतो, जो चढला तो चढला. माय उठलीच नाही तर? ट्रक निघून जाईल, अण्णा एकटे जाणार नाहीत, एक वर्ष आम्ही घरी राहू, इथंच रोजगार हमीवर जाऊ. एवढंच होतं माझ्या मनात. देवाशप्पथ एवढंच. म्हणून निघायच्या सांजेला मी दोन वळसे घातले, मग अजून दोन, मग मोजले दहापर्यंत, अन् मग मोजलेच न्हाईत. दुधाला कडू वास यायला लागला तर गूळ जास्त घातला. माय म्हणली, आज लई गोड केलंस गं. ती पेला धुऊन त्यातलं पाणी पण प्यायली, दूध वाया नको म्हणून.

रात्री हॉर्न झाला. एक, दोन, तीन. अण्णांनी तिला हलवलं, ती नुसती हं हं करायची अन् मान टाकायची. मला वाटलं, आता जाईल ट्रक. गेलाच न्हाई. गहिनीनाथ मुकादम स्वतः खाली उतरून दारात आला. आश्रुबा, अर्धा कोयता नेऊन मी काय करू बे, तो म्हणला. घरात दोन-दोन पोरी हायत की तुझ्या. अन् मग अण्णा आमच्या गोधडीकडं आले. मी अन् शिवकन्या एका गोधडीत झोपायचो.

सगळ्यांना माहीत आहे की मी झोपले होते. अभ्यास करून करून मला गाढ झोप लागली होती असंच मी सांगितलंय — अण्णांना, मायला, तुम्हाला पण दहाव्याला हेच सांगितलं होतं. मी जागी होते काकू. मी डोळे मिटून घेतले होते. पेपर आठ दिवसांवर आला होता माझा. शिवकन्यानं मला हलवलं, ताई, म्हणली, ताई. दोनदा. मी हललेच न्हाई. मग ती म्हणली, झोपू द्या अण्णा तिला, तिची परीक्षा हाय, मी येते. सतरा वर्षांची होती. माझ्याजवळनं उठली, अन् उठता उठता गोधडी माझ्या खांद्यावर सारखी केली. तिला कळलं होतं. झोपलेल्या माणसाला पापण्या अशा दाबून धराव्या लागत न्हाईत, अन् ती माझ्या इतकी जवळ होती. फडकं पण मायचंच बांधून गेली, खुंटीवरचं.

पुढचं तर तुम्हाला माहीतच हाय. जाऊन एक्केचाळीस दिवस झाले होते. भरलेल्या ट्रॉलीवर, मोळ्यांवर बसून कारखान्याकडं निघाले होते सगळे. अण्णा सांगतात, काही न्हाई, तिला झोप लागली. सलग तीन रात्री गाड्या भरल्या होत्या, बसल्या बसल्या तिला झोप लागली अन् वळणावर ती घसरली. अण्णांचा हात पोहोचला न्हाई. ते आता गाईजवळच राहतात. छावणी उठली तरी घरी येतील असं वाटत न्हाई मला.

मी पास झाले. फर्स्ट क्लास आला.

अन् माय — मायला वाटतं तिच्याच झोपेनं घात केला. मी मेल्यागत झोपले म्हणून माझं लेकरू गेलं, येईल त्याला हेच सांगती. तुम्हाला पण सांगितलंय की. ती आता झोपतच न्हाई काकू, ती झोपेवर रागावलीय. मी रोज दूध देते, ती रोज पिते, भिंतीकडं तोंड करून डोळे मिटून पडते, सकाळी म्हणती, लागली बाई झोप, तुझ्या हाताला गुण हाय. खोटं. मला माहीत हाय ती जागी असती, कारण मी पण जागीच असते. दोघी डोळे मिटून पडतो, एकमेकींना फसवत. तिला एक शब्द सांगितला तर झोपेल ती — माय, तू न्हाईस गं, मी. एवढाच शब्द. रोज दूध ढवळताना तोंडात येतो. पण मग ती माझ्याकडं कशी बघंल? एक पोरगी गेलीय तिची, अन् हा शब्द ऐकल्यावर दुसरी तरी राहील का तिला? म्हणून मी गूळ टाकते अन् पेला पुढं करते अन् —

काय झालं? तुम्ही असं माझ्या मागं कावून बघताय?

माय.

कवा आलीस गं? टँकर तर आत्ताच वळला — घागर दे इकडं. उतरव ना खाली, कंबर दुखंल तुझी. पाणी सांडतंय बघ, पदर भिजला सगळा.

काकू, तुम्ही निघा. हे दूध घेऊन जा, झालंय ते, गूळ आता टाकला तरी चालंल. जायफळ पण न्या, मला नको हाय ते. दोनच वळसे. जा काकू, बाजूनं जा, तिला धक्का नका लावू. अन् जाताना दार ओढून घेऊ नका — ती अजून उंबऱ्यात उभी हाय. तिला आत यायचं असंल.