न पाठवलेला माळ

आदरणीय अध्यक्ष उकंडरावजी, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती प्रियदर्शनी, आणि बाजाराचा दिवस असूनही इथं येऊन बसलेल्या गोरेगावकर बंधुभगिनींनो,

प्रियदर्शनीला शाळेत मी चित्रकला शिकवली, म्हणून बोलण्याचा मान मला. पण मागच्या फलकावर लिहिलंय, की तिचं चित्र बंगळूरच्या प्रदर्शनात झळकलं. ते झळकलं नाही. 'सर, खरं काय ते सांगून टाका,' असं तिनंच सांगितलंय. मंडळानं रागावू नये. निवड झाली, इथपर्यंत फलक बरोबर आहे.

हे चित्र म्हणजे काय? आपल्याच गावाबाहेरचा माळ, संगणकात उभा केलेला. सिनेमासारखा आधी काढून ठेवलेला नव्हे. संगणक तो क्षणाक्षणाला नव्यानं काढतो. घड्याळात जेवढे वाजले, तेवढंच तिथं ऊन. मेंढरं कुठं चरायचं ते आपापलं ठरवतात. खडू-फळ्यावर जन्म काढलेल्या मला हे पचायला वेळ लागला.

पाठवायच्या आदल्या दिवशी तिनं ते वडिलांना दाखवलं. मसाजीरावांनी जन्मभर मेंढरं राखली. गुडघे गेले, कळप मोडला, तेव्हापासून दारातच बसून असतात. त्या दिवशी पडद्यासमोर बसले. दिवस मावळला, ताट वाढलं, तरी उठेनात.

'मेंढरं उघड्यावर हायेत अन् मी जेवू?'

'आबा, ती खोटी हायेत. अन् लांडगा म्या त्यात टाकलाच न्हाई.'

'लांडगा टाका लागत न्हाई, बाई. तो येतो.'

याचं उत्तर कोणत्या कॉलेजात शिकवतात? वाघूर, म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळं, तिनं काढलंच नव्हतं. धनगराच्या लेकीकडून ही चूक व्हावी! निवड करताना प्रदर्शनवाल्यांना तर मावळतीला विखुरलेली मेंढरंच आवडली होती. तशीच धाड, असं मीही सुचवलं, हे कबूल करतो. तिला ते जमेना. वाघूर उभारून मेंढरांना घराकडं वळायला शिकवण्यात चार दिवस गेले. तेवढे दिवस मसाजीरावांनी संध्याकाळचं ताट परत केलं. मुदत टळली, जागा दुसऱ्याला गेली. पाचव्या दिवशी मेंढरं वाघुरीत शिरली. मसाजीरावांनी ती मोजली आणि भाकर मागितली. प्रियदर्शनी रडली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तेव्हा ही शाल न गेलेल्या चित्रासाठी आहे, असं समजावं. मला तिचा अभिमान वाटतो, एवढंच सांगतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणं-अधिक झालं असेल, तर पोटात घाला. आणि मसाजीरावांना नारळ द्यायचा राहिला, त्याचाही राग धरू नका. साडेपाचलाच ते पुतण्याच्या मोटारसायकलवर बसून घरी गेले. सहाला मेंढरं परततात.